एकाच होस्टिंगवरच्या अनेक साइटपैकी एकच साइट बंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात एकाच होस्टिंग खात्यावर शाळा, पतसंस्था, वाचनालय, गणेशोत्सव मंडळ आणि दुकान अशा पाच-सात साइट चालवणारे अनेक जण आहेत. त्यातली एकच साइट अचानक 'एरर' दाखवू लागली की काय तपासायचे, कोणत्या क्रमाने तपासायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे येथे दिले आहे. बहुतेक उत्तरे सीपॅनेल (होस्टिंगचे नियंत्रण-पान) असलेल्या शेअर्ड होस्टिंगसाठी, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या सर्व्हरसाठी आहेत. स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) चालवणाऱ्यांसाठीची माहिती त्या त्या ठिकाणी वेगळी सांगितली आहे.

बाकीच्या साइट उघडतात, एकच उघडत नाही. सुरुवात कुठून करायची?

बाकीच्या साइट चालू आहेत, हाच तुमच्या हातातला सर्वांत मोठा पुरावा आहे. सर्व्हर चालू आहे, नेटवर्क ठीक आहे, अपाचे किंवा एनजिनएक्स हा पाने पाठवणारा वेब सर्व्हर प्रोग्राम काम करतो आहे, हे त्यावरून कळते. वाडा शाबूत आहे, अडचण एका बिऱ्हाडाची आहे. म्हणून शोध त्या साइटच्या स्वतःच्या गोष्टींपुरता ठेवा: तिचे फोल्डर, तिची एचटीअ‍ॅक्सेस फाइल (त्या फोल्डरसाठी वेब सर्व्हरला दिलेले नियम), तिला दिलेली पीएचपीची, म्हणजे साइटच्या कोडच्या भाषेची, आवृत्ती, तिचा डेटाबेस व त्याचा युजर, तिचा डोमेन आणि तिचे एसएसएल (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्र.

मात्र हा पुरावा आधी पारखून घ्या. कॅशे (तयार पानांची साठवण) लावलेली साइट डेटाबेस बंद असतानाही बराच वेळ उघडत राहते, आणि साध्या एचटीएमएलच्या साइटला डेटाबेस लागतच नाही. त्यामुळे दुसऱ्या साइटचे मुखपृष्ठ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका, तिचे लॉगिनचे पान उघडून बघा. तेही कोसळत असेल तर बिघाड एका साइटचा नसून डेटाबेस सर्व्हरचा आहे. व्हीपीएसवर रॅम संपली की लिनक्स सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारतो आणि तो बळी पुष्कळदा मायएसक्यूएल (डेटाबेस सर्व्हर) असतो. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ शोधा.

आणि एका साइटसाठी अख्खा सर्व्हर रीस्टार्ट करू नका. निपाणीच्या दुकानाची साइट दुरुस्त करण्याच्या नादात चिकोडीच्या पतसंस्थेची चालू साइटही खाली जाते, आणि त्या क्षणी कोणती प्रक्रिया अडकली होती हा धागा कायमचा हातातून निसटतो.

५००, ५०२, ५०३, ५०४, ५०८ यांत फरक काय?

५०० म्हणजे वेब सर्व्हरपर्यंत मागणी पोचली, पण साइटचा कोड किंवा सेटिंग चालवताना मोडले. ५०२ म्हणजे पुढे उभ्या असलेल्या सर्व्हरला मागच्या प्रोग्रामकडून, म्हणजे बहुधा पीएचपीचा कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमकडून, उत्तरच मिळाले नाही किंवा अर्धवट मिळाले. ५०४ मध्ये मागचा प्रोग्राम जिवंत असतो, पण ठरलेल्या वेळेत उत्तर देत नाही. ५०३ म्हणजे सेवा तात्पुरती बंद. ५०८ हा आकडा क्लाउडलिनक्स (प्रत्येक खात्याला मर्यादा घालणारी प्रणाली) असलेल्या होस्टिंगवर दिसतो आणि तिथे त्याचा अर्थ खात्याला नेमून दिलेली मर्यादा संपली असा असतो.

पानावर आकडा दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रीलोड करा आणि पहिल्या ओळीतला स्टेटस वाचा. '५०० आले की ५०२' एवढे नक्की झाले तरी निम्मा शोध संपतो.

एरर लॉग कुठे सापडतो?

सीपॅनेलमध्ये 'मेट्रिक्स' विभागात 'एरर्स' आहे, तिथे वेब सर्व्हरच्या ताज्या नोंदी दिसतात. पीएचपीच्या चुका पुष्कळदा वेगळ्या जागी, म्हणजे त्या साइटच्याच फोल्डरमध्ये 'एरर लॉग' नावाच्या फाइलीत साठतात. दोन्ही बघा. वर्डप्रेसचा (साइट बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरचा) स्वतःचा लॉग हवा असेल तर त्याच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग या मुख्य सेटिंग फाइलीत डीबग आणि डीबग-लॉग हे दोन पर्याय ट्रू करा, पण डीबग-डिस्प्ले फॉल्स ठेवा. नाहीतर फोल्डरचे पूर्ण पत्ते वाचकांना पानावर दिसू लागतात. काम झाले की पर्याय पुन्हा बंद करा आणि तयार झालेली लॉग फाइल काढून टाका.

व्हीपीएसवर उबुंटू असेल तर व्हार, लॉग, मग अपाचे-२ किंवा एनजिनएक्स अशा क्रमाने फोल्डर उघडा. सगळ्या साइट एकाच लॉगमध्ये लिहीत असतील तर प्रत्येक साइटच्या कॉन्फिगमध्ये स्वतंत्र लॉगची ओळ आजच घाला. दहा साइटच्या सरमिसळीत एकीची चूक शोधणे हे वेळखाऊ आणि फसवे काम आहे.

लॉग वाचताना वेळ जुळवून घ्या. वर्डप्रेसच्या डीबग लॉगमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते आणि ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे चालते. सकाळी १०:१५ ची चूक तिथे ०४:४५ ला सापडेल. हे विसरले तर माणूस भलत्याच ओळीवर उपाय करत बसतो.

५०० येते आहे. सगळ्यात आधी काय तपासू?

एचटीअ‍ॅक्सेस. फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'लपलेल्या फाइली दाखवा' सुरू करा, त्या साइटच्या फोल्डरमधल्या या फाइलीचे नाव तात्पुरते बदला आणि साइट उघडा. मुखपृष्ठ आले तर दोष त्याच फाइलीत आहे. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्सच्या पानावर जाऊन काहीही न बदलता सेव्ह करा, नवी स्वच्छ फाइल तयार होते.

ती का बिघडते, याची नेहमीची कारणे अशी. पीएचपीची सेटिंग बदलणारी 'पीएचपी व्हॅल्यू' ही ओळ तिच्यात असते. ती फक्त अपाचेच्या मॉड्यूल पद्धतीत चालते, एफपीएम किंवा सीजीआय पद्धतीत त्याच ओळीमुळे ५०० येते. होस्टने पद्धत बदलली की काल चालणारी साइट आज बंद, असे होते ते यामुळे. ही सेटिंग 'डॉट यूजर डॉट आयएनआय' फाइलीत हलवा आणि बदल दिसायला ५ मिनिटे थांबा, कारण ही फाइल मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंदांनी पुन्हा वाचली जाते.

दुसरे कारण म्हणजे रीडायरेक्ट स्वतःभोवतीच फिरणे. लॉगमध्ये '१० अंतर्गत रीडायरेक्टची मर्यादा ओलांडली' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर रीराइटचा, म्हणजे मागितलेला पत्ता बदलण्याचा, नियमच चुकलेला आहे.

तिसरे कारण मराठी-कन्नडमध्ये टिपणे लिहिणाऱ्यांना विशेष भोवते. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की सुरुवातीला डोळ्यांना न दिसणारी तीन बाइटची खूण बसते. तिला 'बॉम' म्हणतात. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये ती आली तर अपाचेला पहिली आज्ञाच ओळखता येत नाही आणि ५०० येते. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये आली तर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' असा इशारा येतो आणि लॉगिन बिघडते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'बॉमशिवाय यूटीएफ-८' अशी फाइल सेव्ह केली की प्रश्न सुटतो.

मुख्य डोमेनवर काम केले आणि बंद पडली दुसरीच साइट. असे कसे?

अ‍ॅड-ऑन डोमेनचे (खात्यात नंतर जोडलेल्या डोमेनचे) फोल्डर 'पब्लिक एचटीएमएल'च्या, म्हणजे मुख्य साइटच्या फोल्डरच्या, आत असेल तर असे होते. अपाचे एखाद्या फोल्डरची मागणी आली की वरच्या प्रत्येक फोल्डरमधली एचटीअ‍ॅक्सेसही वाचतो. मुख्य साइटच्या फाइलीत नवा नियम घातला की तो आतल्या साइटनाही लागू होतो. ज्या साइटच्या स्वतःच्या फाइलीत रीराइटचे नियम आहेत ती बचावते, जिच्यात नाहीत ती अडकते. म्हणूनच पाचांतली एकच पडते आणि गोंधळ उडतो.

यावर कायमचा उपाय एकच: प्रत्येक साइटचे फोल्डर 'पब्लिक एचटीएमएल'च्या बाहेर, त्याच्या शेजारी ठेवा. सीपॅनेलमध्ये डोमेन जोडताना 'डॉक्युमेंट रूट' सामायिक ठेवण्याची खूण काढली की हे जमते. आधीच आत असलेल्या साइटसाठी मुख्य फाइलीतल्या नियमाआधी 'फक्त या डोमेनसाठी' अशी होस्टनावाची अट घाला.

फाइलींच्या परवानग्या किती असाव्यात?

फाइलींना ६४४, फोल्डरना ७५५, म्हणजे लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला. 'अपलोड होत नाही म्हणून ७७७ करा' हा सल्ला अजून फिरतो, तो मानू नका. स्क्रिप्ट खातेदाराच्या नावाने चालवणारे अनेक सर्व्हर ७७५ किंवा ७७७ दिसताच स्क्रिप्ट चालवायला नकार देतात आणि ५०० येते. शिवाय, एकाच खात्यावर सात साइट असताना एकीत शिरलेला घुसखोर सगळ्यांत पोचतो. डब्ल्यूपी-कॉन्फिगला ६०० किंवा ६४० द्या. तिची जुनी प्रत शेवटी 'बॅक' किंवा 'टेक्स्ट' लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवू नका, कारण ती फाइल ब्राउझरमध्ये सरळ उघडते आणि डेटाबेसचा पासवर्ड कोणालाही वाचता येतो.

पीएचपीची आवृत्ती बदलल्यावर एकच जुनी साइट पडली. का?

जुन्या कोडमधली फंक्शन नव्या आवृत्तीत काढून टाकलेली असतात. 'मायएसक्यूएल कनेक्ट' आणि त्या घराण्यातली सगळी फंक्शन पीएचपी ७.० मध्ये गेली, 'ईच' आणि 'क्रिएट फंक्शन' ८.० मध्ये. लॉगमध्ये 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन' दिसेल. सीपॅनेलच्या 'मल्टीपीएचपी मॅनेजर'मध्ये त्या एकाच डोमेनला जुनी आवृत्ती देता येते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. पण हा आठवड्या-दोन आठवड्यांचा आधार समजा. सुरक्षा दुरुस्त्या थांबलेली आवृत्ती पतसंस्थेच्या साइटवर वर्षानुवर्षे चालू ठेवणे सभासदांच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

कोडचा तुकडा वर्ड फाइलीतून किंवा फोनवरून चिकटवला असेल तर अवतरणचिन्हे बघा. सरळ चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे आली की पीएचपी तिथेच थांबते.

पांढरे कोरे पान किंवा 'क्रिटिकल एरर' आले. अ‍ॅडमिनमध्येही जाता येत नाही.

आधी साइटच्या अ‍ॅडमिन ईमेलची पेटी बघा, स्पॅमसकट. वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी रिकव्हरी मोडची लिंक येते आणि बिघडलेल्या प्लगइनचे (जोड-सॉफ्टवेअरचे) नावही. संस्थांच्या साइटवर हा ईमेल बऱ्याचदा जुन्या सचिवांचा असतो, तो बदलून घ्या.

ईमेल नसेल तर डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या 'प्लगइन्स' फोल्डरचे नाव बदला. साइट उघडली तर अ‍ॅडमिनमध्ये जाऊन प्लगइन्सचे पान एकदा उघडा. सगळी प्लगइन निष्क्रिय झाल्याचा संदेश येईल. मग फोल्डरला मूळ नाव द्या आणि एकेक प्लगइन सुरू करत जा. ज्याच्यानंतर पडली ते दोषी. फरक पडला नाही तर हाच प्रयोग थीमच्या फोल्डरवर करा, मात्र वर्डप्रेसची एखादी मूळ थीम शिल्लक असल्याची खात्री करून.

'अलाउड मेमरी साइझ एक्झॉस्टेड' असेल तर मेमरी वाढवा. वर्डप्रेस एका साइटसाठी स्वतः ४० एमबी गृहीत धरते, ती २५६ एमबी केली की बहुतेक काम भागते. तरीही संपत असेल तर आकडा फुगवत नेऊ नका, कोणते प्लगइन खाते आहे ते शोधा.

'डेटाबेसशी जोडणी होत नाही' असे एकाच साइटवर येते.

लॉगमधला आकडा सगळे सांगतो. १०४५ म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकला. एकच डेटाबेस युजर तीन साइटना दिला, पासवर्ड बदलला आणि दोनच साइटच्या कॉन्फिगमध्ये नवा टाकला की तिसरी पडते. प्रत्येक साइटला वेगळा डेटाबेस आणि वेगळा युजर द्या. १२०३ म्हणजे त्या युजरच्या एकाच वेळच्या जोडण्यांची मर्यादा संपली. १०४० म्हणजे पूर्ण डेटाबेस सर्व्हरच भरला, त्यात तुमच्या हाती फारसे काही नाही. २००२ म्हणजे डेटाबेस सर्व्हरच सापडला नाही. साइट दुसऱ्या होस्टवरून हलवली असेल तर कॉन्फिगमधले होस्टनाव बघा.

टेबल 'क्रॅश्ड' दाखवत असेल तर पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून ते टेबल निवडून 'रिपेअर' करा. वर्डप्रेसची स्वतःची दुरुस्तीची सोयही आहे, पण ते पान लॉगिनशिवाय कोणालाही उघडते, म्हणून काम होताच ती ओळ काढा.

मोडी लिपीतला मजकूर टाकला की सेव्हच होत नाही. देवनागरी मात्र चालते.

देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, मोडीचे आणि इमोजीचे ४. मायएसक्यूएलमधला जुना 'यूटीएफ-८' प्रकार ३ बाइटपर्यंतच साठवतो. जुने दस्त आणि लिप्यंतरे साइटवर घालणाऱ्या वाचनालयांनी टेबले 'यूटीएफ-८-एमबी-४' प्रकारात बदलून घ्यावीत. त्याआधी डेटाबेसची पूर्ण प्रत काढणे अनिवार्य आहे.

व्हीपीएस अपग्रेड केला आणि एका साइटवर ५०२ आले.

बहुधा सॉकेटचा, म्हणजे एनजिनएक्स आणि पीएचपी यांना जोडणाऱ्या फाइलीचा, पत्ता चुकला आहे. उबुंटू २२.०४ सोबत पीएचपी ८.१ येते, २४.०४ सोबत ८.३. पीएचपी-एफपीएमच्या सॉकेट फाइलीच्या नावात हा आकडा असतो. ज्या साइटच्या एनजिनएक्स कॉन्फिगमध्ये ८.१ चे नाव लिहिलेले राहिले ती अस्तित्वात नसलेल्या दारावर टकटक करत राहते आणि ५०२ देते. लॉगमध्ये 'नो सच फाइल' दिसेल. तसेच साइटसाठी केलेली वेगळी पूल (पीएचपीच्या प्रक्रियांचा गट) फाइल ८.१ च्या फोल्डरमध्येच राहते, ती ८.३ च्या पूल फोल्डरमध्ये हलवावी लागते. लॉगमध्ये त्याऐवजी 'परमिशन डिनाइड' असेल तर सॉकेट आहे, पण एनजिनएक्सच्या युजरला तो उघडता येत नाही. पूल फाइलीतला 'लिसन ओनर' तपासा.

बदल केल्यावर एनजिनएक्सची टी पर्यायाची चाचणी आधी चालवा, ती 'सक्सेसफुल' म्हणाली तरच रीलोड करा. रीस्टार्ट नको. चुकीच्या कॉन्फिगवर रीलोड केल्यास जुने कॉन्फिग चालू राहते, रीस्टार्ट केल्यास सगळ्या साइट जातात.

'मॅक्स चिल्ड्रन' संपल्याची नोंद दिसली तर पूल अपुरा आहे. उबुंटूच्या मूळ फाइलीत हा आकडा फक्त ५ असतो. पीएचपीसाठी १ जीबी रॅम मोकळी असेल आणि एक प्रक्रिया साधारण ६० एमबी घेत असेल तर १६-१७ पर्यंत जाता येते, त्यापुढे नाही. प्रत्येक साइटला वेगळा पूल द्या. मग खानापूरच्या शाळेच्या साइटवर एसएसएलसीच्या निकालादिवशी गर्दी झाली तरी तिचाच पूल भरतो, शेजारच्या साइट चालू राहतात.

५०३, ५०४ आणि ५०८ वर उपाय काय?

वर्डप्रेसचे ५०३ बहुधा अर्धवट राहिलेल्या अपडेटचे असते. साइटच्या मूळ फोल्डरमधली 'डॉट मेंटेनन्स' फाइल काढा. १० मिनिटांनंतर वर्डप्रेस तिच्याकडे तसेही दुर्लक्ष करते, पण अपडेट पुन्हा चालवून पूर्ण करून घ्या. वीज गेली किंवा इंटरनेट तुटले की अपडेट मध्येच सुटू शकते, म्हणून इन्व्हर्टर नसलेल्या कार्यालयातून मोठे अपडेट करू नका.

५०४ मध्ये एनजिनएक्स पीएचपीची मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद वाट पाहतो. मर्यादा वाढवण्याआधी संथ क्वेरी किंवा बाहेरच्या एसएमएस व पेमेंट सेवेची न आलेली उत्तरे शोधा.

५०८ ची मर्यादा पूर्ण खात्याला मिळून असते. साइट एक पडली तरी मर्यादा खाणारी दुसरीच असू शकते. सीपॅनेलमधले 'रिसोर्स युसेज' बघा, वर्डप्रेसचा अंतर्गत क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारी सोय) बंद करून दर १५ मिनिटांनी खरा क्रॉन लावा, लॉगिन पानावर आदळणारे बॉट अडवा.

उत्सवाचे फोटो टाकताना साइट बंद पडते.

डिस्क भरली किंवा फाइलींची संख्या संपली, हे आधी बघा. फोनच्या एका मोठ्या फोटोपासून वर्डप्रेस मूळ फाइल धरून ८ फाइली तयार करते, थीमची मापे वेगळी. ५०० फोटो म्हणजे ४,००० फाइली. शिवाय १२ मेगापिक्सेलचा फोटो लहान करताना मेमरीत साधारण ४८ एमबी जागा घेतो, मग अपलोड करताना ५०० किंवा ५०३ येते. फोटो १६०० पिक्सेल रुंदीचे करूनच चढवा.

आमची साइट उघडली की दुसऱ्याचीच साइट दिसते.

एनजिनएक्सला मागितलेले नाव कुठेच सापडले नाही तर तो त्या पोर्टवरची पहिली साइट दाखवतो. ८० पोर्टवर (साधे एचटीटीपी) तुमचे नाव आहे आणि ४४३ वर (एचटीटीपीएस) नाही, असे असेल तर एचटीटीपीएसवर शेजाऱ्याची साइट आणि प्रमाणपत्राचा इशारा येतो.

शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही स्पेलिंगचे डोमेन ज्यांनी ठेवले आहेत त्यांनी दोन्ही नावे, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, अशी चारही नावे कॉन्फिगमध्ये आणि प्रमाणपत्रात घालावीत. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या सेवेचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवस टिकते. एका नावाची पडताळणी अडली तरी सगळ्यांचे नूतनीकरण अडू शकते. 'डॉट भारत' डोमेन असेल तर कॉन्फिगमध्ये देवनागरी नाव चालत नाही, 'एक्सएन'ने सुरू होणारे त्याचे रूप लिहावे लागते.

क्लाउडफ्लेअरचे ५२१, ५२२, ५२४, ५२५, ५२६ म्हणजे काय?

क्लाउडफ्लेअर ही वाचक आणि तुमचा मूळ सर्व्हर यांच्यामध्ये उभी राहणारी सेवा आहे. ५२१: मूळ सर्व्हरने जोडणी नाकारली. ५२२: जोडणीच वेळेत झाली नाही, बहुधा फायरवॉल. ५२४: जोडणी झाली, पण ठरलेल्या वेळेत उत्तर नाही. ५२५ आणि ५२६: मूळ सर्व्हरवरच्या एसएसएलची अडचण. सतत रीडायरेक्ट होत असेल तर एसएसएल 'फ्लेक्सिबल' वरून 'फुल स्ट्रिक्ट' करा, त्याआधी सर्व्हरवर वैध प्रमाणपत्र बसवा.

होस्टला तक्रार लिहिताना काय द्यायचे?

डोमेनचे नाव, नेमका आकडा, चूक दिसली ती वेळ 'भारतीय वेळ' असे स्पष्ट लिहून, लॉगमधली मूळ ओळ जशीच्या तशी, तुमचा आयपी पत्ता, आणि शेवटचा बदल कोणता व कधी केला. त्याच खात्यावरच्या कोणत्या साइट चालू आहेत हेही लिहा आणि मोबाइल डेटावर तपासले का ते सांगा, कारण चुकीचे पासवर्ड वारंवार टाकल्यास सर्व्हर फक्त तुमच्या कार्यालयाचा आयपी अडवतो. पासवर्ड तक्रारीत कधीच लिहू नका. होस्टच्या माणसाला तो लागत नाही.